बियाण्याचं मडकं

फाल्गुन लागला की वांगी पिवळी पडतात. बाजारातली नव्हेत, ती पिवळी पडायच्या आत कुणाच्या तरी कढईत जातात. मी म्हणते ती बियाण्यासाठी झाडावरच राखलेली. आधी त्यांची जांभळी झाक जाते, मग हिरवट दिसतात आणि शेवटी हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी होतात. चुकून कुणी तोडू नये म्हणून त्या फांदीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. परवा सेलूजवळच्या आमच्या भाज्यांच्या वाडीत गेले तर अशा दोन-चार चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. त्यांतली एक मायच्या लुगड्याची होती, ते हिरवं लुगडं मीच तिला वर्ध्याहून आणून दिलं होतं.

या माघात माय गेली. नव्वदी ओलांडून गेली, म्हणून भेटायला आलेला प्रत्येक जण 'सोनं झालं' म्हणून गेला. मीही मान हलवत बसले. सत्तरीला आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला आई गेल्याचं रडू येतं हे लोकांना पटत नाही. आपल्याकडे रडण्यालाही वयाची अट आहे. मी वाडीत जाऊन रडले. तिथे विचारणारं कुणी नव्हतं, आणि वांग्यांना काय सांगायचं?

पण रडताना डोळ्यांपुढे आला तो यंदाचा फाल्गुन नव्हता. पन्नासावर वर्षांपूर्वीचा एक फाल्गुन होता. तेव्हा दादा पाकिस्तानात युद्धकैदी होता, बाबा अजून होते, आणि माय चाळिशीची, काळ्याभोर केसांची, कपाळभर कुंकू लावणारी बाई होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. त्या एका वर्षाचे सगळे ऋतू माझ्या अंगात राहून गेलेत. दरवर्षी त्यांतला एखादा वर येतो. एरवी मला काल काय जेवले ते आठवत नाही.

ती लढाई थंडीत सुरू झाली आणि पंधरवड्यात संपलीही. गावात पेढे वाटले. आमच्याकडे तार आली. दादा बेपत्ता आहे, एवढंच तीत होतं. घरात तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. माय चुलीपुढून उठली नाही. शेंगा उतरवल्या, पाणी गाळलं, मीठ टाकलं आणि कुणी खाणार नाही हे ठाऊक असूनही ताटलीत वाढून ठेवल्या. बाबा वाडीत निघून गेले. पुढे काही आठवड्यांनी कळलं की तो जिवंत आहे, त्यांच्या कैदेत आहे. कैदेत आहे हे ऐकून आम्ही देवापुढे साखर ठेवली. तशी वेळ वैऱ्यावर येऊ नये, असं आपण म्हणतो ती हीच.

पहिलं कार्ड फाल्गुनात आलं. जाड कागदाचं, बोटभर जागेचं. पोस्टातल्या बाबूंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पत्रं तिकडेही तपासतात आणि इकडेही, तेव्हा हिंदीतच लिहा आणि घरच्या खुशालीपलीकडे काही लिहू नका. दादानंही तेच केलं होतं. 'मैं ठीक हूँ. खाना मिलता है. ठंड बहुत है. बाबा से कहना बैंगन का बीज रखें.' वाचून मायला हुंदका फुटला. तिला वाटलं पोराला तिथे उपाशी ठेवतात, म्हणून वांगी आठवतात. बाबांना मात्र नेमकं कळलं. त्यांनी माझ्याकडून ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, मग खुंटीवरची चिंधी घेतली आणि वाडीत जाऊन आणखी एका झाडाला बांधून आले.

बाबांचं माणसांशी जितकं बोलणं नव्हतं तितकं वांग्यांशी होतं. आमचं वाण जुनं, देठाला काटे, अंगावर हिरवे पट्टे, शिजवलं तर लोण्यासारखं. हे बियाणं आजोबांच्याही आधीपासून घरात होतं. कोणतं फळ राखायचं ते बाबा ठरवत. झाडाच्या शेंड्याचं नको, बुडाचं नको, मधलं हवं. फळ पिवळं पडलं की बी काढून धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरायचं, तोंडाला फडकं बांधून वरून शेणामातीनं लिंपायचं आणि ते मडकं माळ्यावरच्या उतरंडीत ठेवायचं. रोप विकत आणणाऱ्याला ते शेतकरीच मानत नसत. 'इकतचं रोप म्हणजे इकतचं लेकरू,' म्हणायचे. दादा फौजेत जायला निघाला तेव्हाही ते इतकंच बोलले होते, की मग वाफे कोण काढन? त्यावर दादा हसला होता. त्या दोघांत प्रेम होतं ते असं, तोंडानं कधी बोललं गेलं नाही.

चैत्र सरला तरी दुसरं कार्ड येईना. टपालवाला गावात एक दिवसाआड यायचा, पण बाबांना तेवढा धीर कुठला? ते दुपारी हातातलं काम टाकून सेलूच्या पोस्टात चालत जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. वर्धा जिल्ह्यातला वैशाख ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या दुपारी सांगायला नकोत. कावळासुद्धा सावली सोडत नाही. माय चिडायची, म्हणायची, चिठ्ठीला पाय आहेत, ती येईल घरी. बाबा डोक्याला ओलं फडकं बांधून निघायचे. एके दिवशी आले ते ओट्यावरच आडवे झाले. अंग तव्यासारखं तापलं होतं. कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, वैद्याला बोलावलं. दिवेलागणीला बाबा गेले. ऊन लागलं, एवढंच कारण.

रीतीप्रमाणे मायच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तो आवाज मी लिहिणार नाही.

सुतक फिटायच्या दिवशी आमच्याकडे घर सारवतात आणि घरातली मातीची भांडी बाहेर काढतात. जुन्या मडक्यातलं पाणी त्यानंतर कुणी पीत नाही. शेजारच्या बायका आल्या. त्यांनी माठ काढले, रांजण काढला, दह्याचं गाडगं काढलं, माळ्यावरची उतरंड खाली घेतली आणि सगळं नेऊन नाल्याकाठी टाकलं. मदतीलाच आल्या होत्या बिचाऱ्या. माय भिंतीला टेकून बसली होती. मी मोठीमायच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, हाताखाली सारवत होते. कोणत्या मडक्यात काय आहे हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आणि त्याच आठवड्यात दादाचं दुसरं कार्ड आलं. तो बरा होता. बाबांना नमस्कार लिहिला होता आणि बी धरलं का, असं विचारलं होतं.

मायनं कार्ड छातीशी धरलं नाही की रडली नाही. बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. मग मला म्हणाली, "त्याले नाई कळवाचं. बाबा चिठ्ठीपायी उन्हात गेले, हे त्याले तिथं कळलं त तो तिथंच मरन. घरी आला का मी सांगीन. माह्या तोंडानं सांगीन."

मोठीमाय म्हणाली, बापाचं मरण लेकापासून लपवणं बरं नव्हे, त्याला सुतक लागतं. माय म्हणाली, सुतक मला लागलं तेवढं पुरे आहे. तेव्हापासून आमच्या घराचं सगळं चित्त एकाच गोष्टीवर लागलं. दादाला तिथे, त्या तारांच्या आत, एकट्याला, हे कळता कामा नये.

पत्रं मी लिहायची. माय वऱ्हाडीत सांगायची, मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत उतरवायची. शेजाऱ्यांचं लग्न, गाईला झालेली कालवड, बोरच्या धरणात किती पाणी आहे, असं सगळं ती सांगायची. बाबांच्या खुशालीची ओळ आली की मात्र उठून गोठ्यात जायची आणि तिकडूनच म्हणायची, ते तू लिव. मी लिहायची, 'बाबा अच्छे हैं, काम में हैं.' ती गोठ्यातून विचारायची, "लिवलं?" मी हो म्हटलं की परत येऊन बसायची. ती ओळ तिनं कधी तोंडातून काढली नाही, पण ती एकदाही चुकू दिली नाही.

मृग लागला. वांग्याचं रोप टाकायची वेळ झाली. वाडी आता मायच्याच अंगावर होती. ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि तिथेच थांबली. उतरंड नव्हती. मला खालून तिचे नुसते पाय दिसत होते. बऱ्याच वेळानं उतरली, हात झटकले आणि म्हणाली, हिंगणीहून रोप आणू. नाल्याकाठी जाऊन पाहण्यातही अर्थ नव्हता, पहिल्या पावसानं खापऱ्यांसकट सगळं वाहून गेलं होतं. बाबा गेले त्या दिवसापेक्षाही ती त्या दिवशी जास्त खचलेली दिसली. हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

पुढच्या पत्रात तिनं तेही सांगितलं, की यंदा वांग्याचं रोप हिंगणीहून आणलं आहे, बरं लागलं आहे. मी म्हटलं, हे कशाला लिहायचं, आपलंच आहे असं लिहू. ती माझ्यावर डाफरली. "वावराचं खोटं नाई लिवाचं. माणसाचं लिवलं तेवढं बस झालं." शेतकऱ्याच्या बाईचं पापपुण्य असं असतं. मेलेल्या नवऱ्याला जिवंत म्हणेल, पण विकतच्या रोपाला घरचं म्हणणार नाही. मी मुकाट्यानं लिहिलं, 'बैंगन का रोपा इस साल हिंगणी से लाया.' आम्ही अख्ख्या घराचं तोंड शिवून ठेवलं होतं, फक्त वाडीचं उघडं राहिलं होतं.

भादव्यात कार्ड आलं. त्यात खुशालीखाली एकच ओळ होती, 'माँ का एक फोटो भेजना.'

कार्ड वाचून मी सुटकेचा श्वास टाकला. बरं झालं, बाबांचा नाही मागितला. मायलाही तसंच वाटलं. पण क्षणभरच. तिचा हात आपसूक कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्या फोटोवरून आमच्याकडे जे झालं ते आजच्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील. हसू देत. तेव्हा रांडाव बाईनं कपाळाला लाल बोट लावणं म्हणजे काय होतं, ते तेव्हाच्या बाईलाच ठाऊक. माय म्हणाली, कुंकू लावून फोटो काढते. मोठीमाय ताडकन उठली. म्हणाली, हे पाप आहे, वर गेलेल्याला त्रास होतो आणि खाली असलेल्यालाही. उद्या पोरालाच काही झालं तर कुणाला दोष देशील? हे तिनं बोलायला नको होतं. मायचा चेहरा पांढरा पडला. ती दोन दिवस जेवली नाही. एकीकडे पोराला कळण्याची भीती, दुसरीकडे आपल्या हातून पोरालाच अपाय होण्याची. देव तरी कोणत्या बाजूनं उभा करायचा? शेवटी ती गिरडला गेली. टेकडी चढली, दर्ग्यापुढे पदर पसरून बसली. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही. परत येऊन एवढंच म्हणाली, की उद्या सेलूला जायचं.

सकाळी निघताना मोठीमाय दारात उभी. मला वाटलं अडवते आता. तिनं पदराआडून आपला कुंकवाचा करंडा काढला आणि मायच्या हातात दिला. मायचा स्वतःचा करंडा आम्ही नदीत सोडला होता. मोठीमायच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

वाटेत मी हिरव्या बांगड्यांचाही विषय काढला. कुंकू आहे आणि हात रिकामे, हे दिसेल ना. माय रस्त्यात थांबली. म्हणाली, "कुंकू माह्या हातानं लावते, माह्या हातानं पुसते. बांगड्या भरल्या त पुन्हा फोडा लागन. एकदा फोडल्या. पुन्हा नाई."

सेलूच्या त्या फोटोच्या दुकानात मागे रंगवलेला पडदा होता, कारंजं आणि हंस. मायनं भिंतीवरच्या आरशात पाहून बोट टेकवलं. टिकली गोल आली. इतक्या वर्षांची सवय होती. स्टुलावर बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. फोटोवाला म्हणाला, बाई, हात मांडीवर ठेवा, छान दिसेल. ती हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. मी त्याला म्हटलं, काढा तुम्ही. त्यानं काढला. बाहेर येताच तिनं पदराचं टोक नळाखाली भिजवून कपाळ पुसलं. लाल डाग काही जाईना. घरी पोचेपर्यंत ती घासतच होती. कपाळ सोललं. वाटेत ओळखीची माणसं भेटली तेव्हा तिनं पदर पुढे ओढला. चोरी केल्यासारखी माझी माय त्या रस्त्यानं चालली.

दिवाळीच्या सुमारास कार्ड आलं. 'माँ का फोटो मिला. बहुत अच्छा आया. बाबा को प्रणाम.' मायनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या वर्षात तिला मी त्या एकाच दिवशी हसताना पाहिलं. म्हणाली, "पाह्य, नाई कळलं त्याले." आणि लगेच रडायला लागली.

थंडीत कैदी सुटले. दादा वर्ध्याच्या स्टेशनावर उतरला तेव्हा गावातले लोक हार घेऊन गेले होते. माय गेली नाही. ती घराच्या दारात उभी होती, पांढऱ्या कपाळानं. दादा अर्धा झाला होता. केस जेमतेम बोटभर. तो अंगणात आला, हार काढून बाजेवर ठेवला, चालत तिच्यापुढे गेला आणि सगळ्यांत आधी त्यानं तिची दोन्ही मनगटं हातांत धरली. मला वाटलं, ती किती वाळली आहे ते पाहतोय. माय म्हणाली, "बाबा गेले रे, वैशाखात. मीच नाई कळू देलं तुले." त्यावर दादा उंबऱ्यावर बसला आणि ओरडून रडला. पुरुषाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. माय त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, की रड आता, घरी आहेस, आता रड.

मग नवसाचे रोडगे झाले. वाडीतल्या मारुतीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. वांगी हिंगणीच्या रोपाची होती. दादा जेवला, चांगली झाली म्हणाला. आपली वांगी कुठे गेली, हे त्यानं विचारलं नाही. घरी येऊन आठवडा झाला नसेल, तो तळेगावला आत्याकडे निघाला. बाबा दरसाल आत्याला मूठभर बी देत असत, त्या मृगात आमच्यापैकी कुणाला ते आठवलंच नव्हतं. तिच्याकडून ते बी घेऊन आला. नवं मडकं आणलं, राख चाळली, तोंड लिंपलं, माळ्यावर ठेवलं. तेव्हापासून ते बियाणं घरात आहे. ही सगळी चिन्हं डोळ्यांपुढे होती. पण माणूस परत आल्याच्या आनंदात कोण चिन्हं वाचत बसतो?

मायनं तो फोटोचा किस्सा पुढे पन्नास वर्षं सांगितला. आलेल्या पाहुण्याला, सुनेला, नातवंडांना, पतवंडांना. तिनं आयुष्यात फारशी फुशारकी मारली नाही, पण ही मारली. पापही तिनंच केलं होतं आणि पोरगंही तिनंच वाचवलं होतं. सोललेल्या कपाळाशी येऊन गोष्ट थांबायची, आणि मग ती म्हणायची, पण याला नाही कळू दिलं. दादा तिथेच कुठेतरी शेंगा सोलत किंवा दोरी वळत बसलेला असायचा. तो मान हलवायचा.

माघात तिचं सुतक फिटलं त्या दिवशी शेजारच्या सुना मदतीला आल्या. आता घरात मातीचं काय असतं? स्टीलचे हंडे, प्लास्टिकच्या टाक्या. तरी रीत म्हणून त्यांनी शोधलं. माळ्यावर एकच मडकं सापडलं. एक सून ते घेऊन अंगणात आली आणि ऐंशीला टेकलेला माझा भाऊ, ज्याला काठीशिवाय उठवत नाही, तो अनवाणी धावला. तिच्या हातून मडकं घेतलं. ते मांडीवर घेऊन ओट्यावर बसला आणि हलेना. वहिनी म्हणाली, अहो, राहू द्या तुमच्याजवळ, कुणी नेत नाही. ती पोर घाबरून आत गेली. मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, असा काय धावतो, पडला असता तर? तो मडक्यावरची माती नखानं खरवडत होता.

"एकदा हे गेलतं बाहेर," तो म्हणाला. "तवा मले तिथं कळलं."

मला आधी समजलंच नाही. मग तो हळूहळू बोलत गेला आणि मी ऐकत गेले. माझंच पत्र. हिंगणीहून रोप आणलं, ते. बाबा जिवंत असते तर रोप विकत आलंच नसतं. मडकं फुटलं असतं तर ते तळेगावला गेले असते. बियाण्याचं मडकं घराबाहेर एकाच प्रसंगी जातं, हे काय त्याला सांगायला हवं होतं? घरात कुणीतरी गेलं, एवढं त्याला कळलं. कोण, ते कळेना. बाबा असतील. की माय असेल आणि तिच्या नावानं कुसुम, म्हणजे मी, लिहीत असेल? अक्षर तर माझंच होतं. ती शंका घेऊन तो महिना-दीड महिना तारांच्या आत बसला होता. म्हणून त्यानं मायचा फोटो मागवला.

"फोटो आला. माय दिसली. मंग कुंकू पाह्यलं अन् एक घडी वाटलं, माहंच चुकलं. दोघंबी हायेत." त्यानं मडकं मांडीवर सावरलं. "मंग हात पाह्यले. मायचे हात कवा पदराखाली असते का वं?"

तिथे न्हावी यायचा, त्याला दादानं सगळे केस काढायला सांगितले. सोबत्यांना सांगितलं, उवा झाल्या. नळावर आंघोळ केली. एवढंच बाबांचं करता आलं, म्हणाला. आणि मग कार्ड घेऊन त्यानं बाबांना प्रणाम लिहिला.

मी विचारलं, तूच का नाही लिहिलं की तुला माहीत आहे? आम्ही सुटलो असतो. निदान घरी आल्यावर तरी बोलायचं होतं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला, की मी सगळी हयात मुलांना काय शिकवलं असेल, असा त्याला प्रश्न पडला असावा.

"तिनं माह्यासाठी कुंकू लावलं होतं," तो म्हणाला. "मंग मले मालूम नाई, हे मले पाळाच लागलं."

मडकं पुन्हा माळ्यावर गेलं. शेजारच्या बायका काय म्हणाल्या असतील त्या म्हणाल्या असतील. आता वाडीत नवी फळं पिवळी होताहेत आणि दादा काठी टेकत रोज जाऊन चिंध्या पाहून येतो. मी वर्ध्याला परत आले, पण मन सेलूच्या दवाखान्यात अडकलं आहे, मायच्या शेवटच्या दुपारी. उशाशी मी संत्रं सोलत होते, दादा पायाशी स्टुलावर बसला होता. नर्स सुई लावायला आली. मायनं तिला थांबवून तीच गोष्ट सांगायला घेतली. दम लागत होता, शब्द तुटत होते, मधलं सगळं गळून गेलं होतं. गिरड नाही, करंडा नाही, फोटोवाला नाही. शेवट तेवढा उरला होता. तिनं दादाकडे बोट केलं आणि म्हणाली, "याले नाई कळू देलं मी. होय ना रे?"

दादा उठला. स्टूल सरकवून उशाशी आला, तिच्या रिकाम्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, "हो माय. मले काईच मालूम नव्हतं."